बोट कुणाचं, ओटीपी कुणाचा

वाशिम जिल्ह्यात संगणक कोण चालवतं, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘दुसरं कोणीतरी’ असं आहे. उत्पन्नाचा दाखला हवा असो, पीक विम्याचा अर्ज भरायचा असो, की पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकलेला असो, ज्याचं काम आहे तो माणूस माऊसला हात लावत नाही. तो सेतू केंद्राच्या खिडकीशी उभा राहतो, पिशवीतून कागदांची गुंडाळी काढतो आणि आतल्या पोराला ‘भाऊ, एवढं करून दे ना’ म्हणतो. पोरगा स्क्रीनवरची नजर न काढता ‘ओटीपी सांगा’ म्हणतो. ओटीपी या माणसाच्या फोनवर येत नाही, कारण आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा असतो. पुतण्या पुण्यात असतो. तो मीटिंगमधून बाहेर येऊन हळू आवाजात सहा आकडे सांगतो, काका ते मोठ्या आवाजात खिडकीत सांगतात, रांगेतले चार जण ते मनातल्या मनात पाठ करतात, आणि रिसोड तालुक्यातलं सोयाबीन हिंजवडीतून मंजूर होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, तेव्हा शेतकऱ्यानं आपलं पीक आपल्या हातानं मोबाइलवर नोंदवावं असा उदात्त हेतू होता. हेतू अजून तसाच आहे. बांधावर उभा राहून फोटो काढणारा हात मात्र बहुतेक वेळा बारावीतल्या पोराचा असतो, आणि शेतकऱ्याचा सहभाग ‘झालं का?’ एवढा प्रश्न विचारण्यापुरता असतो.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ही आपली पद्धत आहे आणि ती चालते. पण ही पद्धत नीट पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. ज्याला तोंडानं बोलता येत नाही आणि ज्याचे हातही मनासारखे चालत नाहीत, असा माणूस आपल्या बोलणाऱ्या यंत्रावरूनच संगणक चालवू शकतो, हे सांगितलं की ऐकणारे आधी थक्क होतात आणि मग शंका काढतात. माझं म्हणणं असं, की तसा माणूस जिल्ह्यात संगणकापुढे बसला तर मधला माणूस न ठेवता आपलं काम आपण करणाऱ्या मोजक्या लोकांत तो जाऊन बसेल. लोकांच्या शंका यंत्राबद्दलच्या वाटतात, पण एकेक सोलत गेलं तर आत मधला माणूसच सापडतो.

पहिली शंका अशी, की बोलल्याशिवाय एखाद्याचं म्हणणं लोकांना कसं कळणार? ही शंका निदान वाशिमकरानं तरी काढू नये. सकाळी दहाच्या सुमारास पाटणी चौकातल्या एखाद्या टपरीजवळ उभं राहावं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून झालेला असतो, पन्नी उलगडलेली असते, ऐवज गालात गेलेला असतो, आणि नेमक्या त्या क्षणी परगावचा कोणी मोटारसायकल थांबवून कारंज्याचा रस्ता विचारतो. ताजा खर्रा थुंकावा इतका काही तो रस्ता महत्त्वाचा नसतो. मग उत्तर देणारा हनुवटी वर उचलतो, भुवईनं दिशा दाखवतो, दोन बोटं उभी करतो म्हणजे दुसरा चौक, मनगट उजवीकडे मुडपतो म्हणजे तिथून वळा, आणि शेवटी तळहात सरळ पुढे सारतो म्हणजे मग काही विचारू नका, जात राहा. या सगळ्यावर ‘उं’ असा एक शिक्का बसतो. विचारणारा ‘बरं बरं’ म्हणून निघतो आणि कारंज्याला पोचतोही. या उत्तर देणाऱ्याला कोणी दिव्यांग म्हणत नाही. त्याच्या बुद्धीविषयी कोणी कुजबुजत नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला ‘याला काय म्हणायचंय?’ असं कोणी विचारत नाही. आता हेच हातवारे, याहून थोडे वेडेवाकडे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणानं बँकेच्या काउंटरवर केले की कारकून त्याच्याकडे पाहतच नाही. शेजारच्या भावाला विचारतो, ‘काय पाहिजे याला?’ समजून घेण्याची अक्कल आपल्याकडे भरपूर आहे, ती कोणासाठी खर्च करायची हे आपण माणूस बघून ठरवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत ब्रेल आणि खुणांच्या भाषेबरोबर संवादाच्या पूरक आणि पर्यायी पद्धतीही घातलेल्या आहेत. तेव्हा गालातला खर्रा वैध नसला तरी त्याच्यामागचा संवाद पूर्णपणे कायदेशीर आहे.

आता यंत्राकडे वळू. त्याचं बाह्यरूप अगदी साधं असतं. पाटीएवढा पडदा, त्यावर चित्रांचे किंवा अक्षरांचे चौकोन. बोट टेकवलं की यंत्र तो शब्द मोठ्यानं म्हणतं. बोट टेकवता येत नसेल तर एकच बटण देतात, आणि पडद्यावरच्या रांगा आपोआप एकामागून एक उजळत जातात. संगणकाशी जोडायची युक्ती याहून साधी आहे. यंत्र जी अक्षरं बोलून दाखवतं तीच तारेतून, आणि आता ब्लूटूथवरून, संगणकाकडे पाठवायची. संगणकाला वाटतं कीबोर्डवर कोणी टाइप करतंय. तो फार चौकशी करत नाही, सरकारी खात्यात असला तरी. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमधल्या मंडळींनी या देवाणघेवाणीचे नियम बसवले, माऊस कसा सरकवायचा तेही त्यात आलं, आणि मायक्रोसॉफ्टनं ‘सीरियलकीज’ या नावानं ती सोय विंडोज ९५ मध्ये आणि पुढे ९८ मध्ये घातली. विंडोज ९८ बाजारात आली २५ जून १९९८ ला. अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे विंडोज ९८ मधली ही सोय धरली तरी ती आपल्या जिल्ह्यापेक्षा सहा दिवसांनी वडील आहे. कंट्रोल पॅनलमध्ये चाकाच्या खुर्चीचं एक चित्र असे, ते उघडलं की आत एक रिकामा चौकोन, त्यात खूण केली की काम झालं. त्या काळच्या कचेऱ्यांत त्या चित्रापर्यंत पोचलेला माणूस बहुधा घड्याळ दुरुस्त करायला निघालेला आणि वाट चुकलेला असावा. तिथल्या सोयींपैकी एकच आपल्याकडे प्रसिद्ध झाली, ती म्हणजे शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की संगणक टूं करून ओरडतो. ती सोय एका वेळी दोन कळा दाबता न येणाऱ्यांसाठी आहे हे न कळल्यामुळे कित्येक संगणकांना व्हायरस झाल्याचं निदान होऊन ते दुरुस्तीला गेले असतील. सीरियलकीज पुढच्या आवृत्त्यांतून गेली, कारण तोपर्यंत यूएसबी आली आणि यंत्रं स्वतःच कीबोर्ड म्हणून ओळख सांगू लागली.

एवढा खटाटोप कशासाठी? संगणकासाठी वेगळा, सोपा, मोठ्या कळांचा कीबोर्ड का देऊ नये? इथे ट्रॅक्टरवाल्याला विचारावं. तो मळणीयंत्राला वेगळं इंजिन घेत नाही, रोटाव्हेटरला वेगळं घेत नाही. मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, जे अवजार जोडाल ते फिरतं. ज्याच्या अंगात भरवशाची हालचाल एकच आहे, एक गाल, एक अंगठा, मानेचा एक झटका, त्यानं त्या एका हालचालीवर वर्षानुवर्षं घासून एक यंत्र हाताशी आणलेलं असतं. कोणता शब्द कुठल्या चौकोनात आहे हे त्याला झोपेतही सांगता येतं. संगणक आला म्हणून त्याला पुन्हा पहिलीत बसवणं हा शुद्ध छळ आहे. आहे त्या यंत्राला संगणक जोडा, उद्या दिवाबत्ती जोडा, टीव्ही जोडा. आणि ही एक हालचाल काय किमतीची असते तेही पाहू. रांगा उजळणाऱ्या पडद्यावर ‘सोयाबीन’ लिहायचं आहे. स, ओकार, य, काना, ब, वेलांटी, न अशा सात खुणा. प्रत्येक खुणेसाठी आधी रांग पकडायची, मग रांगेतलं घर पकडायचं, म्हणजे चौदा दाब. एक दाब क्षणभर उशिरा पडला तर ‘ब’च्या जागी ‘भ’ येतो आणि खोडायला आणखी दोन दाब लागतात. शब्द सुचवणारी सोय असली तर काम निम्म्यावर येतं, फक्त ‘सोय’पर्यंत आल्यावर यंत्र आधी ‘सोयरीक’ पुढे करण्याची शक्यता असते. मात्र अशी यंत्रं वापरणाऱ्याच्या सवयी शिकतात. ‘सोयाबीनचा भाव’ या दोन शब्दांनंतर ‘पडला’ हा शब्द वाशिमचं यंत्र एका हंगामात न सांगता शिकेल.

या प्रकारात जगभर गाजलेलं नाव स्टीफन हॉकिंग यांचं, आणि ते आपल्या राज्यात येऊन गेलेलं आहे. जानेवारी २००१ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं भरवलेल्या परिषदेला ते आले होते, आणि त्यांचा वाढदिवस, ८ जानेवारी, मुंबईतच झाला. १९८५ मध्ये श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया होऊन त्यांचा आवाज गेला, तेव्हा त्यांना मिळालेला ‘इक्वलायझर’ नावाचा प्रोग्रॅम वॉल्ट वोल्टॉश या अमेरिकन माणसानं मुळात आपल्या सासूबाईंसाठी लिहिला होता. त्यांनाही हॉकिंग यांचाच आजार होता. सासूबाईंना बोलता यावं म्हणून जावयानं रात्रीचा दिवस केल्याचं दुसरं उदाहरण कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. पुढे त्याच घराण्यातल्या ‘ईझी कीज’ या प्रोग्रॅमवर हॉकिंग यांनी भाषणं लिहिली, मेल पाठवल्या, माऊसचा बाण फिरवला, इंटरनेट पाहिलं. बोलणं आणि संगणक चालवणं यांत त्यांच्यापुरता फरकच उरला नव्हता. पण हॉकिंग यांचं उदाहरण दिलं की लोक ‘ते काय बुवा, मोठे शास्त्रज्ञ’ म्हणून सुटका करून घेतात. म्हणून मुंबईतल्याच मालिनी छिब यांचं नाव घ्यायला हवं. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्यासाठी शाळा सापडेना म्हणून त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये पुढचं शिक्षण घेतलं आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र नावाप्रमाणेच एका बोटानं टाइप केलं. त्या ‘लाइटरायटर’ नावाचं यंत्र वापरतात. त्याला दोन पडदे असतात, एक लिहिणाऱ्याकडे आणि एक समोरच्याकडे. या दुसऱ्या पडद्याचं मला फार कौतुक वाटतं. समोरच्याला वाकून, खांद्यावरून डोकावून, ‘काय लिहिलंय बघू’ करावं लागत नाही. त्याला आपल्या जागी उभं राहून वाट पाहावी लागते. ज्यानं हे यंत्र काढलं तो टोबी चर्चिल स्वतः आजारात वाचा गमावलेला इंजिनियर होता, त्यामुळे लोक कुठून डोकावतात याचा त्याला अनुभव असणार.

आता आधुनिक माणसाची शंका. हल्ली फोनच ऐकतो ना? ‘ओके’ म्हणा, हुकूम सोडा, ही बटणं आणि तारा कशाला? या शंकेत एक गाळलेली जागा आहे ती अशी, की फोन ऐकतो खरा, पण बोलणाऱ्याचं ऐकतो. ज्याचे उच्चार अडखळतात त्याच्यापुढे तो कानावर हात ठेवतो. अशा उच्चारांसाठी गूगलनं २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट रिलेट’ सुरू केलं, तेही इंग्रजीपासून. आणि धडधाकट बोलणाऱ्यांचं तरी काय? आमच्याकडचा माणूस फोनला ‘काऊन उघडून नाही राहिलं बे हे?’ असं विचारतो, आणि फोन त्यावर विचारात पडला तर दोष फोनचा नाही. गंमत अशी, की बोलणाऱ्या यंत्राचा कोरीव, स्वच्छ, छापील मराठी उच्चार फोनला आपल्यापेक्षा चांगला कळू शकतो. जगात काही जण खरोखर असंच करतात: यंत्रानं बोलायचं आणि शेजारच्या स्पीकरनं ते ऐकून दिवा लावायचा. दोन यंत्रं हवेतून गप्पा मारतात आणि माणूस मध्ये प्रेक्षक. दिव्यापुरतं हे ठीक आहे. बँकेच्या कामात यंत्र भर शाखेत खणखणीत आवाजात पिन बोलून दाखवणार असेल तर तार बरी. अर्थात पिन गुप्त ठेवायची ही कल्पनाच आपल्याकडे परकी आहे. एटीएममध्ये मागच्या माणसाला कार्ड देऊन ‘दोन हजार काढून द्या, पिन चौऱ्याऐंशी-बारा’ असं सांगणारे काकाजी अजून आहेत. यंत्रालाही थोडं शिक्षण लागेलच, नाही म्हणत नाही. सातबारा हा उतारा आहे, सात डिसेंबर किंवा सात भागिले बारा नव्हे, हे त्याला एकदा समजावून सांगावं लागेल.

‘पण किती वेळ लागेल!’ ही खरी जड शंका, आणि तिच्यात तथ्य आहे. आपण बोलताना मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज टाकतो. अशा यंत्रावर पंधरा शब्द म्हणजे पुष्कळ झाले. २०११ च्या सुमारास गालाचे स्नायू थकल्यावर हॉकिंग मिनिटाला एखाद-दुसऱ्या शब्दावर आले होते. मग इंटेलच्या लोकांनी त्यांच्यासाठी नवी प्रणाली केली, त्यात फाइल उघडणं, जतन करणं अशी कामं थेट हाताशी ठेवली, आणि २०१५ मध्ये ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. वेग कमी, हे मान्य. पण तो कशाच्या तुलनेत कमी, हे विचारायला हवं. ज्या जिल्ह्यात ‘साइट स्लो आहे, दुपारून या’ हे वाक्य नमस्कारासारखं म्हटलं जातं, तिथे माणसाला संथ म्हणण्याचा अधिकार कोणत्या संगणकाला आहे? अडचण वेगळीच आहे. संगणक स्वतः तासन् तास गोल गोल फिरत बसतो, त्याला कोणी मुदत घालत नाही. माणसानं मात्र ठरल्या मिनिटांत फॉर्म भरला नाही की सेशन संपतं आणि नाव-गाव-तालुका पुन्हा पहिल्यापासून. चौदा दाबांनी लिहिलेलं सोयाबीन जातं, त्याच्याबरोबर मंगरूळपीर जातं. वेळ वाढवून मागायची सोय द्यावी, असं संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आहेत, आणि भारताचं स्वतःचं मानक, आयएस १७८०२, हेही आलेलं आहे. मग येतो तो चौकोन: ‘मी रोबोट नाही.’ यंत्रातून बोलणाऱ्या, यंत्रातून लिहिणाऱ्या माणसानं यंत्राला, यंत्राच्याच मार्फत, आपण यंत्र नसल्याची ग्वाही द्यायची. त्यावरही भागलं नाही तर आग विझवायचे अमेरिकन रस्त्यांवरचे नळ ओळखायचे. पुसद नाक्यावर उभं आयुष्य काढलेल्या धडधाकट माणसालाही तो नळ ओळखता येत नाही, तेव्हा इथे तरी सगळे समान आहेत. ई-केवायसीत कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या लोकांनी ते कसं करावं, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून दुसरे मार्ग ठेवण्याचे आदेश दिले. म्हणजे हळू कोण आणि आडमुठं कोण, याचा निवाडा झालेला आहे.

खर्चाचं म्हणाल तर परदेशी यंत्रं, विशेषतः डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी, लाखांत जातात हे खरं. पण आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेनं ‘जेलो’ नावाचं चित्रांवर बोट टेकवून बोलायचं ॲप केलंय, ते मराठीत आहे आणि फुकट आहे. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘आवाज’ उभं केलं. अँड्रॉइड फोनमध्ये एका बटणावर सगळा पडदा चालवायची सोय आधीपासून आहे. आणि बटण? जुना माऊस उघडावा, डाव्या कळेखालच्या बारक्या स्विचच्या दोन टोकांना दोन तारा डाग देऊन जोडाव्यात, दुसऱ्या टोकाला दारावरच्या घंटेचं बटण लावावं. मोबाइल दुरुस्त करणारा कोणताही पोरगा चहा थंड व्हायच्या आत हे करून देईल; त्याला कशासाठी ते मात्र सांगावं, नाहीतर तो दाराची घंटा परत करेल. पैशापेक्षा मोठी अडचण फोटोची आहे. साहित्यवाटपाच्या शिबिरात तीनचाकी सायकल देताना फोटो झकास येतो. सायकल मध्ये, लाभार्थी वर, मान्यवर दोन्ही बाजूंना. ॲप चालू करून देताना फोटोत काय दिसणार? वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे आमच्या आकांक्षांना केंद्र सरकारची मान्यता आहे. त्यांत एखादी न दिसणारी आकांक्षा बसवायला हरकत नसावी.

‘असे लोक आहेत तरी किती?’ ही शंका बहुधा असे लोक घराबाहेर दिसत नाहीत म्हणून येते, आणि ते दिसत नाहीत कारण बाहेर आल्यावर लोक भावाशी बोलतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले, तेही जुन्या, आखूड यादीनुसार. २०१६ च्या कायद्यानं यादी २१ प्रकारांवर नेली. शिवाय लकवा मारल्यावर वाचा जाते, घशाच्या शस्त्रक्रियेत जाते. या बाबतीत चौकातली टपरी दूरदृष्टीनं काम करते आहे. आज भुवईनं रस्ता दाखवणाऱ्यांपैकी काही जणांना पुढे हे यंत्र लागणार, आणि त्यांचा सराव तर आत्ताच सुरू आहे.

शेवटी उरते ती शंका, जी कोणी शंका म्हणून बोलत नाही. ती मायेच्या सुरात येते. ‘घरचे आहेत ना! त्याला कशाला त्रास? आम्ही बघतो त्याचं सगळं.’ बघतात, यात वाद नाही. अनेक घरांत आईनं आणि वहिनीनं जे केलेलं असतं ते कोणत्याही यंत्राला जमणार नाही. पण बघण्याचा एक परिणाम असा होतो, की विचारणं बंद पडतं. त्याला चहा किती गोड लागतो इथपासून त्याचा पासबुकाचा नंबर काय इथपर्यंत सगळ्याचं उत्तर दुसऱ्याकडे असतं, आणि त्यानं जोरात मान हलवून ‘नाही’ म्हटलं तर ‘हो म्हणतोय तो’ असा अनुवाद लगेच होतो. यंत्राचा उर्मटपणा असा, की ते अनुवाद करत नाही. ‘नको’ दाबलं की ‘नको’ म्हणतं, पाहुण्यांसमोरसुद्धा. हे तोंडी बोलण्यापुरतं राहिलं तर घर सावरून घेतं, हसण्यावारी नेतं. ते यंत्र संगणकाला जोडलं गेलं की हसण्यावारी नेता येत नाही, कारण संगणक घरातला वडीलधारा नाही आणि त्याला भाऊबंदकीतलं काही कळत नाही. वाटणीच्या वेळी ‘तो काय करणार शेत घेऊन, आम्ही सांभाळतोच त्याला’ म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची चाल आपल्याकडे बहिणींच्या बाबतीत चांगली रुळलेली आहे. न बोलणाऱ्या भावाच्या बाबतीत ती आणखी सुरळीत जाते, तिथे तर रडारडही होत नाही. आणि महसूल खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, पंधरा रुपयांत, तलाठ्याला न भेटता, सेतूवाल्याला न सांगता, पुतण्याला न विचारता. जिल्हा निवडायचा, तालुका, गाव, गट नंबर. एका गालानं किंवा एका अंगठ्यानं या कामाला अर्धा दिवस लागेल, मध्ये सेशन दोनदा संपेल, सर्व्हर एकदा बसेल. उतारा उघडल्यावर भोगवटादाराच्या रकान्यात आपलं नाव अजून आहे की कंसात जाऊन कमी झालं, हे त्याला घरात सगळ्यांच्या आधी कळेल. आणि यंत्राला लगेच आवाज असल्यामुळे त्यानंतर पाच मिनिटांत ते शेजारच्या तीन घरांनाही कळलेलं असेल.